चिंबोऱ्या पळत नाहीत

५ नोव्हेंबर

आलो एकदाचा! चौदा महिने मिरजेला बसून वडिलांच्या हातातला पेपर आधी कोण वाचणार यावर भांडत होतो, आजपासून मीही कामाचा माणूस. ऑफिस नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना. काम मात्र बाळकुमच्या खाडीवर. तिथल्या एका टोलेजंग संकुलाला खाडीत लाकडी मार्ग बांधायचाय, पक्षी बघायला. त्याआधी खाडीची तब्येत कशी आहे याचा अहवाल हवा: पक्षी किती, खेकडे किती, चिखल कसला. अहवाल वेळेत आणि नीट दिला तर नोकरी पक्की, असं आमच्या नीरजा मॅडम पहिल्याच चहाला म्हणाल्या.

राहायला बाळकुमच्या जुन्या गावात रंगूबाईंच्या घरची मागची खोली मिळाली. पुढे बत्तीस मजली इमारती, त्यांच्या सावलीत हे कौलारू घर. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत खाडी दिसते. रंगूबाई साठीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी समीक्षा लग्न होऊन विठ्ठलवाडीला. ओहोटीला चिखलात उतरून हाताने चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडतात आणि दारात बसून विकतात. मी काय करतो असं त्यांनी विचारलं. खेकडे मोजतो म्हटल्यावर दाराला धरून हसल्या. "मोजतंस? आमी खातांव!" मी त्यांना मावशी म्हणायचं ठरलं.

११ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा गुडघाभर चिखलात. एक बूट खाडीला अर्पण केला.

एक गंमत दिसली. खेकडा भित्रा प्राणी. माणसाची सावली पडली की सहा-सात पावलांवरूनच बिळात गडप होतो. बिळापासून फार लांब जातही नाही. इथले तसे नाहीत. भर उन्हात उघड्यावर बसलेले, एक नांगी वर करून. मी चालत गेलो, वाकलो, उचलला. सुटायची धडपडसुद्धा नाही. असे चाळीस तपासले, एकतीस पळाले नाहीत.

बगळ्यांची मात्र दिवाळी अजून चालू आहे. एका ठिकाणी उभं राहून दोनशे चौदा मोजले. मॅडमना कळवलं तर त्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षं झाली, चिंबोऱ्यांचं असंच चाललंय. "पलतच नाय त्या. गरीब झाल्यान." आधी एक टोपली भरायला सकाळ जायची, आता तासाभरात भरते. गावदेवीची कृपा म्हणतात.

१७ नोव्हेंबर

आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. आज चिंबोरीचा रस्सा खाल्ला. दोनदा मागून.

मावशी मला घासवाला म्हणतात, म्हणजे पालाभाजी खाणारा. समीक्षा आली होती, तिने तर मी पहिला घास घेताना फोटोच काढला. रश्शाची रीत बघून ठेवली. मोठ्या नांग्या तशाच घालायच्या. बारके पाय कच्चेच वाटायचे, पाणी घालून गाळायचे आणि ते पाणी रश्शात उकळायचं. सगळी चव त्यात.

घरात दोन पाटे आहेत. मागच्या पडवीतला म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, स्वयंपाकघरातला खोबरं-कोथिंबिरीचा, नैवेद्याचा. वरवंटेसुद्धा वेगळे. याचा त्याला शिवायचा नाही. का, तर सासूने सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने. मी मनातल्या मनात हसलो. इतक्या वासाच्या घरात सोवळं कसलं!

जाताना समीक्षा दारात थांबून म्हणाली, दादा, आई एकटी असते, तुम्ही आहात तर मला बरं वाटतं, जरा लक्ष ठेवा. मी छाती पुढे काढून हो म्हटलं.

३० नोव्हेंबर

पहिला पगार! आईला साडी धाडली आणि मावशींसाठी मिक्सर आणला. वाटून वाटून त्यांची मनगटं सुजतात, ते बघवत नव्हतं. त्या आधी रागावल्या, मग मिक्सरला हळदकुंकू वाहिलं.

तीन भांडी आहेत, पण दोन चिंबोऱ्यांचे पाय चटणीच्या लहान भांड्यातच नीट फिरतात. खोबऱ्याची चटणीही त्यातच. मावशी अडल्या. म्हावऱ्याचं आणि चटणीचं एकात कसं करायचं? मी शास्त्र सांगितलं. धुतलं की संपलं, मावशी, जंतू काय पाहुण्यासारखे मुक्काम करत नाहीत. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी ऐकलं. दोन्ही पाटे भिंतीला टेकवून ठेवले.

चटणी तर इतकी झकास झाली की मी नुसती भाकरीला लावून खाल्ली. आता रोज हीच.

४ डिसेंबर

ऑफिसात सूक्ष्मदर्शक आहे, वर प्लास्टिकचं फूल ठेवलं होतं. ते बाजूला केलं आणि न पळणारे दहा खेकडे उघडले. दहाही जणांत पांढरे गोल दाणे, खसखशीएवढे. बहुतेक मेंदूच्या गाठीभोवती. दाण्यात गुंडाळी करून बसलेला चपटा कृमी. दिव्याखाली ठेवल्यावर हलला.

पळणारे दहा उघडले. एकातही नाही.

मला खरं सांगायचं तर आनंद झाला. कॉलेजात शिकलेलं डोळ्यांसमोर आलं. हा कृमी वाढतो बगळ्याच्या पोटात. विष्ठेतून त्याची अंडी चिखलात, तिथून गोगलगाईत, गोगलगाईतून खेकड्यात. पण खेकड्यातून परत बगळ्यात जायचं कसं? खेकडा तर पळतो. म्हणून हा त्याची भीती काढून घेतो. खेकडा उघड्यावर येऊन बसतो, बगळा त्याला टिपतो, कृमी घरी पोचतो. जितके बगळे जास्त तितकी अंडी जास्त. दोनशे चौदा बगळे कोणी बोलावले ते आज कळलं.

आणि एवढ्यावर थांबत नाही. खेकडे बिळं खणतात म्हणून चिखलात हवा जाते, तिवरांची मुळं जगतात. न भिणारा खेकडा बीळ कशाला खणेल? मी परत जाऊन पाहिलं. आतल्या बाजूला बिळं बुजत चालली आहेत, चिखल काळा, कुजकट वासाचा, तिवरांची पानं पिवळी. खसखशीच्या दाण्याने अख्खी खाडी फिरवलीय. वरून बघणाऱ्याला फक्त पक्षी दिसतात.

९ डिसेंबर

मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, सुश्रुत, आपल्याला पक्षी मोजायला सांगितलंय, खेकड्यांच्या पोटात डोकावायला नाही. कृमी अहवालात आला तर मार्ग अडेल, संकुलवाले दुसरीकडे जातील, मग तुझ्या नोकरीचं मला काही सांगता येणार नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बिस्किट दिलं.

मी बिस्किट खाल्लं.

घरी आलो तर मावशी टोपली निवडत होत्या. त्यांनीच विचारलं. तू कापून बघतंस ना रं, खावाला चालतील नं? सरळ प्रश्न होता. उत्तरही सरळ द्यायला हवं होतं. मी म्हटलं, चालतील, फक्त नीट शिजवून खा. शिजवल्यावर कृमी मरतो, हे खरंच आहे. मी खोटं बोललो नाही. हे वाक्य आज चार वेळा मनात म्हटलं. मग वाटतंय का असं, चोरी केल्यासारखं?

२८ डिसेंबर

अहवाल दिला. तेहतीस पानं, खाली माझी सही. "खेकड्यांची मुबलक उपलब्धता व पक्ष्यांची वाढती संख्या हे खाडीच्या उत्तम आरोग्याचे लक्षण आहे." हे वाक्य माझं. मॅडमनी त्याखाली रेघ ओढली आणि छान म्हणाल्या.

नोकरी पक्की झाली. वडिलांना फोन केला, ते नुसतं हं हं म्हणत राहिले. रडत असावेत. मलाही रडू आलं, पण ते वेगळ्या कारणाने.

९ जानेवारी

मावशींना खोकला आहे. थंडीचा म्हणतात.

आज त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेलो. काँक्रीटचा डंपर मागे येत होता, भोंगा वाजवत. मी उडी मारून कडेला झालो. मावशी रस्त्याच्या मधोमध तशाच चालत राहिल्या, मान न वळवता. डंपरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि शिव्या घातल्या. ऐकू आलं नाही का विचारलं. म्हणाल्या, आलं की. मग? मग काय, असं म्हणून त्या हसल्या.

वय झालंय. बाकी काही नाही.

१७ जानेवारी

दुपारी खाडीवर. मावशी चिंबोऱ्या धरत नव्हत्या. टोपली लांब पडलेली. चिखलात अगदी उघड्यावर, उन्हात बसल्या होत्या. भोवती बगळे, हातभर अंतरावर, उडत नव्हते.

हाक मारली, आल्या लगेच. बरं वाटतं तिथं बसून, म्हणाल्या. काही नको वाटतं. "आता भ्याच नाय वाटत रं कशाचा."

ते वाक्य ऐकून मी त्यांची टोपली उचलली आणि त्यांना घरी घेऊन आलो. शिजवून खातात त्या. उकळी येताना मी स्वतः पाहिलंय. मग हे होणारच नाही. होऊच शकत नाही.

२६ जानेवारी

मार्गाच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन. झेंडावंदन, भाषणं, लहान मुलांना दुर्बिणी. संकुलाचे सचिव सुधीर साहेब माईकवरून माझं नाव घेऊन म्हणाले, यांनी आपल्याला सांगितलं की आपली खाडी किती निरोगी आहे. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

मार्गाच्या खाली, भर चिखलात, मावशी बसल्या होत्या. उजवा हात कोपरातून वर केलेला. सगळे वरून फोटो काढत होते. कोळीण, खाडी, बगळे, किती छान, असं एक बाई म्हणाली. मी कपड्यांसकट खाली उतरलो. मावशींना उठवलं. अंगावर खोकल्या, पदरावर विटकरी थुंकी.

समीक्षाचा फोन आला होता. आई कशी आहे? खोकला आहे जरा, म्हटलं.

३० जानेवारी

नौपाड्यातल्या एका दवाखान्यात नेलं. छातीच्या फोटोत डाग. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. टीबीच असावा म्हणाले. पण मग पेन थांबवून माझ्याकडे बघून विचारलं, खाण्यात काही वेगळं? कच्चं, अर्धंकच्चं? मासे, खेकडे?

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. एक वाक्य. पण ते वाक्य कागदावर जाणार, कागद वर जाणार, कोणीतरी विचारणार की अहवालावर सही कोणाची.

मी म्हटलं, नाही हो, साधं घरचं जेवण.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं मी त्यांना कसल्या तरी त्रासातून वाचवतोय. दवाखान्याबाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. टीबी नाही, ही विटकरी थुंकी त्या कृमीची आहे, हे मला माहीत आहे. फक्त मलाच माहीत आहे.

२ फेब्रुवारी

आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. मावशींनी चिंबोरीचे पाय मिक्सरला फिरवले. गाळलं. भांड्यात चुळकाभर पाणी घातलं, हलवलं, ओतलं. मग त्याच भांड्यात खोबरं, मिरची, कोथिंबीर.

चटणी. कच्ची. ती कोण उकळतं?

दोन पाटे. सासूने सांगितलं होतं, तिला तिच्या सासूने. चाळीस वर्षं त्या बाईने याचं त्याला शिवू दिलं नाही आणि चाळीस वर्षं तिला काही झालं नाही. मी आलो. मी हसलो. मी मिक्सर आणला. जंतू पाहुण्यासारखे मुक्काम करत नाहीत, असं मी म्हटलं —

भांडं हिसकावून घेतलं, मागे नेऊन दगडाने ठेचलं. मावशींनी काही विचारलं नाही. भ्याल्याही नाहीत. ताटात कालची चटणी वाढून मला जेवायला हाक मारली.

आणि मी ती चटणी दोन महिने रोज —

५ फेब्रुवारी

मलाही खोकला. विटकरी.

औषध आहे. साध्या गोळ्या, तीन दिवसांच्या. एवढंच. स्टेशनजवळच्या दुकानातून मिनतवारी करून दोन पाकिटं आणली, एक त्यांचं, एक माझं. पण त्यांना द्यायच्या तर काय म्हणून देणार? टीबीच्या बंद करा, या घ्या, असं सांगायचं तर का ते सांगावं लागेल. समीक्षाला सांगावं लागेल.

उद्या. उद्या नक्की.

७ फेब्रुवारी

पाकिटं फळीवर आहेत. सकाळपासून त्यांच्याकडे तीनदा पाहिलं. हात पुढे गेला नाही. भीती वाटते —

की मला वाटायला हवी?

स्वतःची परीक्षा घेतली. मोठ्या रस्त्यावर कडेला उभा राहिलो. बस अंगावरून गेल्यासारखी गेली. छातीत काही झालं नाही. पाय मागे सरले नाहीत.

१० फेब्रुवारी

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. कृमी, अहवाल, मावशी, डॉक्टर. आवाज अजिबात कापला नाही. त्या घाबरून म्हणाल्या, उद्या बोलू, कोणाजवळ बोलू नकोस. मी म्हटलं, सगळ्यांना सांगणार आहे. सुधीर साहेबांनाही कळवलं. खरा अहवाल पाठवून दिला.

डिसेंबरात हे जमलं असतं तर. तेव्हा भीती होती. आता नाही, म्हणून जमलं. ही हिंमत माझी नाही. माझ्या डोक्यात जे बसलंय, त्याची आहे.

वाईट वाटणं मात्र माझं आहे. ते त्याने नेलं नाही. ते का नाही नेलं —

गोळ्या घ्यायच्या राहिल्या. मावशींच्याही. त्यांना सांगायचंच राहिलं. घाई वाटत नाही. घाई व्हायला भीती लागते.

१२ फेब्रुवारी

सकाळ. पौर्णिमा, म्हणजे उधाण. दुपारी पाणी मार्गाच्या खांबांना अर्ध्यावर लागेल.

मावशी अंथरुणात नाहीत. दार उघडं.

गोळ्या खिशात टाकून आलो. त्यांचं पाकीट उजव्या खिशात, माझं डाव्या. त्यांना देणार. आज सगळं सांगणार. वहीही आणली, म्हणजे विसरणार नाही.

दिसल्या. पार आत, जिथे तिवरं संपतात तिथे. हात वर. भोवती बगळे. पांढरेच पांढरे. त्यांच्यापर्यंत गेलो. मांडी घालून शेजारी बसलो, जरा बोलायला सोपं जावं म्हणून —

बसल्यावर किती बरं वाटतं.

पाणी घोट्याशी होतं. आता मांडीवर आलंय. मावशी, म्हटलं, तुमचा खोकला टीबीचा नाही. त्या हं म्हणाल्या. तो माझ्यामुळे आहे. हं, म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावायलाही काहीतरी गमवायची भीती —

खेकड्याला न्यायला बगळा येतो. आम्हाला न्यायला कोण येणार? एवढा मोठा बगळा नाही. कृमीची चूक झाली. चुकीच्या घरात शिरला. आता नुसतं बसायचं आणि पाणी —

गोळी काढली. त्यांच्या तळहातावर ठेवली. हात वरच. गोळी पडली. दुसरी दिली. पडली.

उठायला हवं. त्यांना उचलायला हवं. कळतंय सगळं. पाय ऐकत नाहीत असंही नाही. फक्त वाटत नाही —

पाणी कमरेला. बगळे उडाले, एकदम सगळे. त्यांना कळतं.

मावशींच्या हनुवटीशी. त्या माझ्यापेक्षा ठेंगण्या. हे आधी लक्षात —

समीक्षाचा फोन. सदऱ्याच्या वरच्या खिशात वाजतोय, अजून चालू आहे. आईकडे लक्ष ठेवा म्हणाली होती. उचलला. दादा, आई कुठाय, म्हणतेय. दादा? सांगतो. आता नक्की सांगतो. समीक्षा, मी तुझ्या आईला